वानखडे सरांचा समुद्र

“ज्योती, समुद्र वाकडा हाय. सरळ कर त्याले.”

वानखडे सरांचं हे वाक्य पायरीवरूनच यायचं. चपला काढून, छत्री दाराशी टेकवून ते आत येईपर्यंत माझा हात माऊसवर गेलेला असायचा. अमरावतीच्या राजापेठेत आमचं फोटो छापायचं आणि फ्रेम करायचं दुकान आहे, बाबांच्या वेळेपासूनचं. देऊळ नाही, की चपला बाहेर काढाव्यात. पण सर काढायचे. कितीदा सांगितलं, “सर, असू द्या हो.” तर म्हणत, “तुह्या बापानं इथी उमर घातली. मी काय चपला घालून येऊ?” मी गुपचूप स्क्रीनवर त्यांच्या फोटोतला समुद्र सरळ करायची.

मागच्या आठवड्यात एक नवीन जोडपं कोकणातून फिरून आलं आणि मोबाइलमधले फोटो छापायला घेऊन आलं. काळ्या खडकांवर बाई उभी, मागं समुद्र, आणि समुद्राची रेघ उजवीकडं कललेली. मी न विचारता ती सरळ केली. नवरा म्हणाला, “ताई, काय केलं तुम्ही? एकदम मस्त दिसून राहिला!” आणि मला तिथंच, गिऱ्हाइकासमोर, भरून आलं. पाणी कधी कलत नाही, कलतो तो आपला हात, हे ज्यांनी मला शिकवलं ते सर मागच्या दिवाळीच्या आधी गेले, हे त्या नव्या नवऱ्याला मी कशाला सांगू? “काही नाही, सरळ केला,” म्हटलं आणि पाकीट त्याच्या हातात दिलं.

सर आमच्या शाळेत चित्रकला शिकवायचे. उंच, हडकुळे, शर्टाच्या खिशात पेनाऐवजी भिंग. माझी चित्रकला म्हणजे आनंदच होता. मी काढलेला बैल पाहून सगळा वर्ग हसला होता. सरांनी तो कागद बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, “तुह्या हाताले रेघ नाही जमत. पण तुले उजेड समजते. सावली बराबर बाजूनं देल्ली तू.” मला त्या वयात त्याचा अर्थ कळला नाही, पण मी पास झाले. पुढं बाबा थकले, दुकान माझ्याकडं आलं, आणि एक दिवस रिटायर झालेले सर नवा कोरा कॅमेरा गळ्यात अडकवून पायरीवर उभे राहिले.

कोणाचाही फोटो हातात आला की सर आधी तो उलटा करत. डोकं खाली, पाय वर. मग भिंग लावून पाहत. का, तर म्हणे, “सुलटा फोटो पाह्यला की माणूस ओळखीचं शोधते. झाड दिसलं की म्हणते झाड, मामा दिसला की म्हणते मामा. उलटा केला की मंग समजते, वजन कुठी हाय, उजेड कुठी हाय.” ही त्यांची सवय माझ्या गिऱ्हाइकांना काही झेपायची नाही. एकदा तिवशाकडची मंडळी तेरवीसाठी आजोबांचा फोटो मोठा करायला घेऊन आली. फोटो काउंटरवर होता. सरांनी तो उचलला, सवयीनं उलटा केला आणि भिंग लावलं. आजोबांचा मुलगा भडकलाच. “ओ मास्तर! आमच्या बुढ्याले उलटं काहून धरून राहिले?” मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. सर मात्र शांत. म्हणाले, “भाऊ, बुढ्याच्या डोक्यावर लय जागा सुटली. थे बिचारे त्याच्यात हारवले. उलसं वरून काप, ज्योती.” मी वरून कापलं. आजोबा एकदम समोर येऊन बसल्यासारखे दिसायला लागले. मुलगा जाताना सरांच्या पाया पडला. सरांचं लक्ष नव्हतं, ते दुसऱ्या कोणाचं तरी बारसं उलटं पाहत होते.

पण हे सगळं वरवरचं. सरांचा खरा जीव गुंतला होता तो एकाच गोष्टीत: सुमनकाकूंना समुद्र दाखवायचा.

सुमनकाकू म्हणजे सरांची बायको. माहेर तेल्हाऱ्याचं, घरचा भाजीचा आणि फुलांचा मळा. गोऱ्या, ठेंगण्या, आणि तोंड असं की पुण्याचं माणूस असतं तर दुसऱ्या वाक्याला रडलं असतं. काकूंना गाडी लागायची. म्हणजे थोडीथोडकी नाही. अमरावतीहून तेल्हाऱ्याला जायचं म्हटलं तरी लिंबू, कागदाच्या पिशव्या, ओला टॉवेल असा सरंजाम निघायचा आणि पोचल्यावर बाई दोन दिवस झोपून. लग्नाच्या पहिल्याच वर्षी शाळेतल्या मास्तरांची सहल कोकणात निघाली होती, बायकामुलांसकट. काकू मोठ्या हौसेनं नवं लुगडं नेसून बसल्या. मूर्तिजापूर येईपर्यंत लिंबं संपली. अकोल्याच्या स्टँडवर त्या बाकड्यावर आडव्या झाल्या आणि म्हणाल्या, “मले घरी न्या, नाही त इथीच ठेवा.” सरांनी दोघांच्या पिशव्या उतरवून घेतल्या. बस समुद्राकडं गेली.

ही हकिगत मला काकूंनीच सांगितली होती, पोट धरून हसत. “बाकड्यावर मी अशी मेल्यावानी पडली, अन् हे माह्या डोक्याशी बसून म्हणतात, सुमन, समुद्र मी तुले घरी आणून दाखवीन. म्हणलं, आणा बाप्पा! पिपात आणता का घागरीत?”

त्या हसल्या, पण सरांनी ते मनात ठेवलं. मुलगी वैशाली झाली, शाळा, संसार, सगळं झालं. रिटायर झाल्यावर पहिली खरेदी कॅमेऱ्याची. मग दरवर्षी दिवाळी झाली की सर एकटेच निघायचे, रत्नागिरीच्या पुढच्या एका गावाला, आठ दिवस. दरवर्षी तेच गाव, तोच किनारा. वाळूचा नाही हं, वाळू त्यांना चालायची नाही. नुसते काळे, फाटके, धारदार खडक आणि त्यांच्यावर आपटणारं पाणी. परत आले की थेट माझ्याकडं. मी फोटो छापायची, सर ते पाकिटात घालून घरी न्यायचे, काकू चष्मा लावून बघायच्या आणि निकाल द्यायच्या. दुसऱ्या दिवशी निकाल माझ्यापर्यंत यायचा.

पहिल्या वर्षीचा फोटो मावळतीचा होता. नारिंगी आभाळ, नारिंगी पाणी. मला तर फार आवडला. काकू म्हणाल्या, “हे त कॅलिंडर हाय. कोण्या किराणावाल्यानं देल्लं का?”

दुसऱ्या वर्षी सर कॅमेऱ्याचं शटर सावकाश ठेवायला शिकून गेले होते. त्यात लाटा दिसत नाहीत, पाणी रेशमासारखं गुळगुळीत होतं, आणि तेव्हा तशा फोटोंची सगळीकडं मोठी हवा होती. काकूंनी एक नजर टाकली. “पाण्याले इस्तरी केली का?”

तिसऱ्या वर्षी सर नुसत्या खडकावर गेले. जवळून घेतलेला, एकेक भेग दिसते असा फोटो. काकू म्हणाल्या, “हे केवढं हाय? गिट्टी हाय का डोंगर? मले कसं समजन?” सरांनी कपाळावर हात मारला. खरंच होतं. मोजायला शेजारी काहीच नव्हतं. तेव्हापासून ते एखादा बगळा, एखादी होडी, जाळं झटकणारा माणूस चौकटीत येईपर्यंत तासन्‌तास बसून राहायला लागले. चौथ्या वर्षी बगळा आला, तर काकूंनी खडकावर बोट ठेवलं. “हा कोल्ला काहून? पाण्यात राहते अन् कोल्ला? आमच्या मळ्यातली माती पाणी देल्ल्यावर पाहा कशी होते.” मग सर लाट मागं गेल्या गेल्या, खडक कोरडा व्हायच्या आत, ओला चकाकत असतानाच बटण दाबायला शिकले. उशीर झाला की ऊन ते पुसून टाकतं, म्हणायचे.

मला राग यायचा हो. एवढा म्हातारा माणूस दोन गाड्या बदलून जातो, खडकावर पडतो, गुडघे फोडून घेतो, आणि या बाई चष्म्यातून एक नजर टाकून मोकळ्या! एकदा मी बोललेच, “काकू, सर किती मेहनत घेतात, कधी तरी चांगलं म्हणा ना.” काकू भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “मी समुद्र पाहून राहिली वो पोरी, मेहनत नाही पाहून राहिली.”

आणि सर? सर खूष असायचे. दरवर्षीचा निकाल ते छोट्या वहीत लिहून ठेवत आणि पुढच्या वर्षी वही घेऊनच जात. मी म्हणायची, सर, एवढी पुस्तकं आहेत फोटोग्राफीची, मोबाइलवर एवढं शिकवतात लोक. ते म्हणत, “थे लोक समुद्र पाह्यलेले हाय. त्याईले अर्धा फोटो दाखवला तरी बाकीचा त्याईच्या डोक्यात असते. सुमनच्या डोक्यात काहीच नाही. तिले जे समजलं नाही, थे माह्या फोटोत नाही.”

माझ्यावर मात्र ते एकदाच खरे रागावले. आम्ही दुकानवाले फोटोत थोडा मसाला टाकतो. आभाळ निळं करायचं, हिरवं हिरवंगार करायचं, गिऱ्हाइक खूष. मी सरांना न विचारता एका फोटोचं करडं आभाळ छान निळं करून ठेवलं. सरांनी प्रिंट उलटी केली, सुलटी केली, काउंटरवर ठेवली.

“हे आभाळ तू कुठून आणलं?”

“सर, थोडंच वाढवलं. लोकांना आवडते.”

“लोकाईले आवडू दे. लोक उद्या जाऊन खरा पाहून येतीन. सुमन नाही पाहणार. मी दाखवीन थोच तिचा समुद्र. तिले खोटा दाखवू मी?”

मी प्रिंट फाडून टाकली. त्या दिवसापासून सरांच्या फोटोला मी दोनच गोष्टी करायची: रेघ सरळ, आणि लेन्सवरची धूळ साफ. तिसरी गोष्ट करायची माझी हिंमत नव्हती.

आता सरांची फजिती सांगते, कारण ती ते स्वतःच सगळ्यांना सांगायचे. पहिल्याच वर्षीची. सर भल्या सकाळी खडकांवर उतरले. पाणी लांब मागं गेलेलं. चांगला सपाट दगड पाहून त्यावर पिशवी ठेवली. पिशवीत दुसरी लेन्स, डबा, चष्म्याचं घर, परतीचं तिकीट. आणि कॅमेरा घेऊन पुढं गेले, एका खडकावर बसले, उजेडाची वाट पाहत. आपल्याकडं नदीचा पूर उतरला की उतरला. कौंडण्यपूरला वर्धेचं पाणी एकदा पायऱ्यांवरून खाली गेलं, की वर पाऊस पडल्याशिवाय ते काही परत चढत नाही. सर आभाळाकडं पाहून बसले. आभाळ कोरडं ठणठणीत. पावसाचं नाव नाही. मग पाणी येईल कुठून? तासाभरानं मागं वळून पाहतात तर पिशवी तरंगून राहिली! मागं पाणी, पुढं पाणी, मधे अमरावतीचे वानखडे सर. तिथल्या एका मासेवाल्यानं हात धरून त्यांना बाहेर काढलं आणि विचारलं, “काका, भरती ठाऊक नाही काय तुम्हाला?” सर म्हणाले, “ठाऊक हाय ना. पुस्तकात वाचेल हाय.”

पिशवी गेली ती गेलीच. पण त्यानंतर सरांच्या अमरावतीच्या स्वयंपाकघरात, गॅसच्या वर, भरती-ओहोटीचं वेळापत्रक कायमचं चिकटलं. चहा पिता पिता, भर उन्हाळ्यात, आपल्याकडं नळाला पाणी नसताना, सर घड्याळ पाहून म्हणायचे, “आता तिकडं पाणी चढून राहिलं असन.” काकू म्हणायच्या, “चढू द्या. इकडं टाकी खाली हाय.”

कौंडण्यपूरचं नाव निघालंच आहे तर तेही सांगते. वर्षातून आठच दिवस समुद्र मिळायचा, मग बाकीचं वर्ष सराव कशावर करायचा? सर कॅमेरा आणि ट्रायपॉड घेऊन वर्धेच्या पात्रात जायचे. उन्हाळ्यात तिथले काळे खडक उघडे पडतात. “दगड त आपलाच हाय,” ते म्हणायचे, “इथून तिथपर्यंत एकच काळा दगड. फक्त पाणी तेवढं त्याईचं.” एका सकाळी ते असेच पात्रात ट्रायपॉड लावून, डोक्यावर काळं फडकं घेऊन वाकलेले. तिकडून चोरून रेती भरायला आलेले दोन ट्रॅक्टर. त्यांना वाटलं, सरकारी मोजणी आली. दोन्ही ट्रॅक्टर अर्धे भरलेले तसेच उलटे फिरून पळाले, आणि घाईत एक फावडं टाकून गेले. सरांना काहीच कळलं नाही. त्यांना एवढंच वाटलं की लोक फोटोग्राफीला फार मान देतात. ते फावडं त्यांनी गावात नेऊन दिलं आणि कोणाचं, कोणाचं म्हणून विचारत फिरले. अख्ख्या गावात एक माणूस माझं म्हणायला तयार नव्हता.

अशी वर्षं गेली. काकूंचे निकाल हळूहळू मऊ व्हायला लागले होते. एकदा म्हणाल्या, “याच्यात पाणी उलसं वल्लं दिसते.” सर तो निकाल घेऊन पायरीवरून ओरडतच आले होते. आणि मग एका वर्षी दिवाळीनंतर ते दह्यातल्या गिला वड्याचं पार्सल घेऊनच दुकानात शिरले. सगळ्या दुकानाला खाऊ घातलं. आलेल्या गिऱ्हाइकांनाही.

“ज्योती, पास झालो! सुमन म्हणे, छान हाय.”

“खरंच? नुसतं छान? पुढं काही नाही?”

“पुढं काहीच नाही. तिनं फोटो हाती घेतला, पाह्यला, म्हणे छान हाय.”

मी पण आनंदानं दोन वडे जास्त खाल्ले. खोटं कशाला सांगू, मला तो फोटो काही आधीच्यापेक्षा वेगळा वाटला नव्हता. पण म्हटलं, निकाल काकूंचा.

चार दिवसांनी सर परत आले. चपला न काढता आत आले. आजवर कधी बसले नव्हते त्या गिऱ्हाइकाच्या खुर्चीवर बसले. मी पाणी दिलं, ते हातात धरून ठेवलं.

“काय झालं सर?”

“आज पुन्हा फोटो काढले बाहेर. मी माह्या सवयीनं उलटा धरून पाहून राहिलो होतो. सुमन म्हणे, पाहू. मी तसाच देल्ला तिच्या हाती. उलटा.” सरांनी पाण्याचा पेला काउंटरवर ठेवला. “ज्योती, आभाळ खाली, खडक वर. अन् थे म्हणे, छान हाय. यंदा लय छान हाय.”

मी चालू असलेला प्रिंटर बंद केला.

“मंग मी इचारलं. तवा सांगतलं तिनं. वर्ष झालं म्हणे. मधात काळा डाग दिसते, बाजूनं उलसं उलसं दिसते. भाजी बी नुसती हातानं चाचपूनच निवडून राहिली होती, मले पत्ता नाही. म्हणलं, सांगतलं काहून नाही? त म्हणे, दिसत नाही म्हणलं असतं त तुमी जाणं सोडलं असतं.”

सर रडले नाहीत. मी रडले.

काकूंना साखरेचा त्रास जुनाच होता. त्या साखरेनं डोळ्यांचा मागचा पडदा खराब करत आणला होता. अकोल्यातल्या एका डॉक्टरांनी तपासलं, इंजेक्शनं सुरू केली, आणि स्पष्ट सांगितलं की गेलेलं परत येणार नाही, उरलेलं किती दिवस टिकेल तेही सांगता येत नाही. अकोल्यात मुलगी वैशाली होती. दर महिन्याला काकूंना गाडीनं नेणं-आणणं शक्यच नव्हतं, म्हणून दोघं तिच्याकडंच राहायला गेले. अमरावतीचं घर बंद झालं. माझ्या पायरीवरचा आवाज बंद झाला. मी दिवसभर कोणाकोणाची लग्नं छापत बसायची आणि मधेच दाराकडं बघायची.

मग उन्हाळ्यात एक दिवस फोन आला.

“ज्योती, मी तपासलं. मोठं असलं, खिडकीच्या उजेडात असलं, अन् काळ्याच्या बाजूले पांढरं असलं, त तिले दिसते. मी कागद कापून कापून दाखवले तिले. करडा रंग दिसत नाही. निळा बी नाही. काळं-पांढरं दिसते.” आवाजात तोच शाळेतला कडकपणा. “मी उद्या निघून राहिलो.”

“सर, आता? एवढ्या उन्हात? दिवाळीनंतर जा ना.”

“दिवाळीपावतर काय उरते, कोणाले माहीत?”

वैशालीनं अडवून पाहिलं, मी अडवून पाहिलं. काकू म्हणाल्या म्हणे, “जाऊ द्या त्याईले.” सर गेले. उन्हाळा संपत आला होता, समुद्र खवळायला लागला होता. सगळा जन्म त्यांनी मला सांगितलं होतं की बाराच्या उन्हात फक्त पासपोर्टचा फोटो काढावा. आणि या वेळी ते बाराच्याच उन्हात त्या खडकांवर उभे राहिले, तीन दिवस, कारण त्याच उन्हात काळं सर्वांत काळं आणि पांढरं सर्वांत पांढरं असतं.

परत येताना ते आधी अमरावतीला माझ्याकडं आले. चेहरा करपलेला, ओठ फुटलेले. कार्ड दिलं. मी फोटो उघडला आणि बघतच राहिले. अहो, काय फोटो होता तो! भिजलेला काळा खडक, त्याच्या प्रत्येक भेगेतून निथळणारं पाणी, मागून उठलेली लाट नेमकी फुटताना, आणि कोपऱ्यात पंख सावरणारा एक बगळा. सगळे निकाल त्यात पास झाले होते. काकूंचे डोळे धड असते तर त्यांनाही नाव ठेवायला जागा नव्हती. माझा हात रेघ सरळ करायला गेला, तर रेघ सरळच होती.

“आता काळं वाढव,” सर म्हणाले.

मी थोडं वाढवलं.

“अजून.”

“सर, भेगा बुजतील.”

“बुजू दे. पांढरं बी वाढव.”

मी वाढवलं. पाण्याचे थेंब गेले, लाटेच्या आतला हिरवा उजेड गेला. खडक शाईसारखा झाला.

“अजून.”

“सर, बगळा गेला.”

“जाऊ दे.”

“सर, हा आता फोटो राहिला नाही हो. मी एक निळं आभाळ केलं तर तुम्ही माझ्यावर केवढे रागावले होते, आणि आता...”

सरांनी भिंग काढलं, पुन्हा खिशात ठेवलं. स्क्रीनकडं बघत म्हणाले, “तिले दिसलंच नाही, त खरं घेऊन काय करू मी? वाढव, बाई.”

मी वाढवत गेले. शेवटी काळे ठोकळे आणि पांढरा फटकारा एवढंच उरलं, तेव्हा ते बस म्हणाले. माझ्या दुकानातून निघालेली ती सर्वांत वाईट प्रिंट. दारातून सरळ निघेना एवढी मोठी. दुसऱ्या दिवशी किरायानं गाडी करून मी स्वतः ती अकोल्याला घेऊन गेले, सर शेजारी बसले होते आणि दर खड्ड्याला मागं वळून बघत होते.

वैशालीच्या घरी दुपारचं ऊन हॉलच्या भिंतीवर येतं. सरांनी ती भिंत आधीच मोकळी करून ठेवली होती. मी आणि वैशालीनं फ्रेम टांगली. काकू दिवाणावर बसल्या होत्या, खूप वाळल्या होत्या. सरांनी त्यांना हात धरून आणलं. काकू एवढ्या जवळ गेल्या की नाक काचेला लागेल. मान तिरपी केली, डोळ्याच्या कडेनं बघायला लागल्या. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, अगदी सावकाश. दहावीच्या निकालाला माझी जी अवस्था होती तीच तेव्हा होती. सरांकडं बघायचं धाडस मला झालं नाही.

“हे काळं... दगड?”

“हो.”

“अन् हे पांढरं येऊन राहिलं, थे पाणी.”

“हो.”

“एवढं येते?”

“एवढं येते. अन् पुन्हा येते.”

काकूंचा हात काचेवरून फिरत वर गेला, जिथपर्यंत पांढरं होतं तिथपर्यंत, टाचा उंच करून. हात पुरला नाही. “बाप्पा,” त्या हळूच म्हणाल्या. “केवढा हाय वो हा!”

मग त्यांनी हात खाली घेतला. मला वाटलं झालं, आता बसवू त्यांना. तेवढ्यात त्यांनी विचारलं, “तुमी कुठी उभे होते?”

सरांनी त्यांचं बोट धरलं. फोटोच्या खालच्या कडेपर्यंत आणलं, तिथून आणखी खाली, कोऱ्या भिंतीवर.

“इथी.”

काकूंनी तिथं तळहात ठेवला. “मंग मले बी तिथीच उभं करा.”

सरांनी पायाशी पडलेलं स्टूल बाजूला केलं. काकूंना खांद्याला धरून बरोबर मधोमध उभं केलं आणि स्वतः त्यांच्या डाव्या हाताला, चिकटून उभे राहिले. वैशाली डोळे पुसत चहा करायला आत गेली. मी बांधलेल्या दोऱ्या आणि कागद गोळा करत होते. सर मला दिसले ते शेवटचे. पाठमोरे. काकू काही तरी विचारत होत्या, आणि सर हात लांब करून, लाटेच्या पलीकडं, फोटोत नसलेलं काही तरी त्यांना दाखवत होते.